दक्षिण आफ्रिकेतली तरुण पिढी, विषमता आणि सत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त तीन वर्षं जोहान्सबर्गला होतो. परत येऊन बराच काळ लोटला, तरी लग्नकार्यात कुणी भेटलं की प्रश्न येतातच. "तिथं फार चोऱ्यामाऱ्या होतात ना हो?" हा पहिला. त्याचं उत्तर देऊन देऊन कंटाळलोय, म्हणून तो इथे घेतलेला नाही. बाकीचे प्रश्न मात्र मला आवडतात. त्यातले बरेचसे तिथल्या तरुणांबद्दलचे आहेत, म्हणून एकदाच सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

रंगभेद १९९४ मध्ये संपला. मग विषमता अजून कशी काय?

कायदा संपला, नकाशा तसाच राहिला. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वाट्याला देशातली जेमतेम सात टक्के जमीन आली. १९३६ मध्ये ती तेरा टक्क्यांच्या आसपास गेली. १९५० च्या कायद्याने कुणी कुठल्या वस्तीत राहायचं ते वंशावरून ठरवून दिलं. १९५३ च्या कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी मुद्दाम हलक्या दर्जाचं शिक्षण बेतलं. तीन पिढ्यांचं हे ओझं एका निवडणुकीने उतरत नाही.

जोहान्सबर्गमध्ये याचा पुरावा बघायला फार लांब जावं लागत नाही. सँडटन हा काचेच्या इमारतींचा भाग, देशातल्या बँका आणि बड्या कंपन्या तिथे. एम-वन महामार्गाच्या पलीकडे अलेक्झांड्रा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'अलेक्स'. तिथे पत्र्याच्या खोल्या एकमेकींना टेकून उभ्या. सकाळी सहाला अलेक्सच्या बाजूने माणसांची रांग निघते: सुरक्षारक्षक, धुणीभांडी करणाऱ्या बायका, हॉटेलातले वेटर. संध्याकाळी तीच रांग उलटी. मधलं अंतर तीन-चार किलोमीटर. पहिल्या आठवड्यात मला ते दृश्य अंगावर आलं होतं. सहाव्या महिन्यात मी त्याच रस्त्याने फोनवर बोलत जायला लागलो होतो, हेही कबूल करायला हवं.

आकड्यांत सांगायचं तर विषमता मोजायचा जो गिनी निर्देशांक असतो, तो इथे ०.६३ च्या घरात. जागतिक बँकेच्या यादीत जगात सर्वाधिक. देशातल्या ८० टक्क्यांहून जास्त संपत्ती वरच्या १० टक्के लोकांकडे आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी पोहोचत नाही. आता कृष्णवर्णीयांच्या आतही मोठी दरी पडली आहे. १९९४ नंतर सरकारी नोकरी, सरकारी कंत्राटं आणि कंपन्यांतली भागीदारी यांतून एक नवा श्रीमंत वर्ग तयार झाला. सरकारी टेंडरवर गबर झालेल्यांना तिथे 'टेंडरप्रेन्युअर' म्हणतात. शब्द ऐकल्यावर ओळखीचे दोन-चार चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि ते तिथले नव्हते.

तरुणांमधली बेकारी नक्की किती? आकडा फुगवलेला तर नाही?

फुगवलेला नाही. २०२५ च्या पहिल्या तिमाहीत देशाची एकूण बेकारी ३२.९ टक्के होती. १५ ते ३४ या वयोगटात ४६ टक्के, आणि १५ ते २४ मध्ये ६२ टक्क्यांच्या वर. यात शाळा-कॉलेजात असलेली मुलं धरलेली नाहीत. आणि हे अधिकृत व्याख्येनुसार. शोधून शोधून ज्यांनी नोकरीचा नाद सोडला, तेही यात नाहीत. त्यांना धरलं की एकूण बेकारीच ४३ टक्क्यांवर जाते.

आपल्या माणसाला इथे एक शंका येते. आपल्याकडे नोकरी नसलेला पोरगा वडापावची गाडी टाकतो, रिक्षा चालवतो, मामाच्या दुकानात बसतो. तिथली पोरं हे का करत नाहीत? काही करतात. पण तिथलं असंघटित क्षेत्र भारताच्या मानाने फारच लहान आहे, आणि ते मुद्दाम लहान ठेवलं गेलं. रंगभेदाच्या काळात टाउनशिपमध्ये, म्हणजे शहराच्या कडेला फक्त त्यांच्यासाठी वसवलेल्या वस्त्यांमध्ये, कृष्णवर्णीयांना धंदा करण्यावर परवान्यांची, जागेची, मालाची नाना बंधनं होती. मामाचं दुकान पिढीजात उभं राहायचं, ते उभंच राहिलं नाही. पुढे बंधनं उठली, तोवर मोठ्या सुपरमार्केट साखळ्या थेट टाउनशिपच्या तोंडाशी मॉल घेऊन आल्या.

पण सरकारी भत्ते मिळतात म्हणून पोरं आळशी झालीत, असं म्हणतात?

म्हणतात खरं, विशेषतः ज्यांना नोकरी आहे ते.

धडधाकट बेकार तरुणासाठी २०२० पर्यंत रोख भत्ता असा नव्हताच. कोविडमध्ये महिना ३५० रँडचा मदतभत्ता सुरू झाला, २०२४ मध्ये ३७० झाला. एक रँड म्हणजे साधारण पाच रुपये. एवढ्यात आळशीपणाही परवडत नाही. घर चालतं ते बहुतेकदा आजीच्या पेन्शनवर, जी महिना २,३०० रँडच्या आसपास असते, आणि लहान मुलांच्या भत्त्यावर. म्हणजे पंचवीस वर्षांचा नातू सत्तर वर्षांच्या आजीच्या जिवावर जगतो, आणि ते त्याला रोज टोचतं.

आता नोकरी शोधायची म्हणजे काय, ते पाहा. आमच्या ऑफिसात साफसफाईला येणाऱ्या बाईंचा मुलगा बारावी झालेला. तिथे बारावीला 'मॅट्रिक' म्हणतात. सरकारी जागेसाठी झेड-८३ नावाचा फॉर्म भरायचा. मुलाखतीच्या यादीत नाव आलं की ओळखपत्राच्या नि सर्टिफिकेटच्या साक्षांकित प्रती द्यायच्या. प्रत काही महिन्यांपेक्षा जुनी झाली की पुष्कळ ठिकाणी चालत नाही, म्हणून पुन्हा पोलीस चौकीच्या रांगेत. शिक्का फुकट, झेरॉक्स विकत. ऑनलाइन अर्जाला मोबाइल डेटा, आणि तो तिथे महाग. २०१६ मध्ये त्यावर 'डेटा मस्ट फॉल' अशी मोहीमच झाली होती. मुलाखतीला जायचं तर दोन टॅक्स्या बदलायच्या. टॅक्सी म्हणजे आपली काळीपिवळी नव्हे, पंधरा माणसं कोंबलेली मिनीबस. त्या बाईंनी एकदा हिशेब मांडला: महिन्याला चार ठिकाणी प्रयत्न करायचा तर मुलाचा सगळा भत्ता त्यातच जातो. त्यानंतर 'आळशी' हा शब्द मी त्यांच्यासमोर कधी उच्चारला नाही.

सिग्नलला तिथे 'रोबोट' म्हणतात. रोबोटपाशी पदवीदानाचा काळा गाऊन घालून, हातात पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभे असलेले तरुण मी पाहिलेत. पाटीवर पदवी, विषय, फोन नंबर.

आणि नोकरी लागली की सुरू होतो 'ब्लॅक टॅक्स'. हा सरकारी कर नव्हे. घरातला पहिला कमावता म्हणून भावंडांची फी, आईचं औषध, मामाच्या अंत्यविधीची वर्गणी, सगळं याच्या पगारातून. त्याच्याशेजारी बसणारा गोरा सहकारी तेवढ्याच पगारात पहिल्या वर्षी घराचं डिपॉझिट भरतो. पगाराच्या चिठ्ठीत ही विषमता दिसत नाही.

शाळांचं काय? बारावीचा निकाल तर चांगला लागतो म्हणे.

२०२४ चा मॅट्रिकचा निकाल ८७.३ टक्के लागला. मंत्री खूश, वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर फोटो. पण हा टक्का परीक्षेला बसलेल्यांचा आहे. पहिलीत दाखल झालेली किती मुलं तिथवर पोहोचलीच नाहीत, ते त्यात येत नाही.

खरं दुखणं खालच्या इयत्तांमध्ये आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत चौथीतली ८१ टक्के मुलं, कुठल्याही भाषेत, वाचलेल्याचा अर्थ सांगू शकली नाहीत. पूर्वीच्या फक्त गोऱ्यांच्या सरकारी शाळा आता सगळ्यांना खुल्या आहेत, पण फी भरणाऱ्यांना. खेड्यातल्या काही शाळांमध्ये उघड्या खड्ड्यांचे संडास होते आणि त्यात पडून लहान मुलं दगावली आहेत. एकाच देशातल्या शाळा आहेत या, हे स्वतःला पुन्हा पुन्हा बजावावं लागतं.

'फीज मस्ट फॉल' आंदोलन काय होतं? त्यातून काही हाती लागलं का?

लागलं, आणि म्हणूनच ते महत्त्वाचं.

सुरुवात मार्च २०१५ मध्ये केपटाउन विद्यापीठात झाली. आवारात सेसिल ऱ्होड्सचा पुतळा होता. हिऱ्यांचा व्यापारी आणि वसाहतवादाचा खंदा पुरस्कर्ता असलेला हा माणूस. एका विद्यार्थ्याने त्यावर विष्ठा फेकली, ती टाउनशिपमधून आणलेली. महिन्याभरात, ९ एप्रिलला, पुतळा क्रेनने उचलला गेला. ऑक्टोबरमध्ये जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठाने १०.५ टक्के फीवाढ जाहीर केली आणि वणवा देशभर पसरला. विद्यार्थी केपटाउनला संसदेच्या आवारात घुसले, मग प्रिटोरियाला युनियन बिल्डिंग्ज या सरकारच्या मुख्यालयासमोर जमले. २३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष झुमांना पुढच्या वर्षी शून्य टक्के फीवाढ जाहीर करावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी वर्षाला ३,५०,००० रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी मोफत उच्च शिक्षण जाहीर केलं.

आता दुसरी बाजू. पैसा 'एन्सफास' या सरकारी योजनेतून येतो आणि तिचा कारभार वर्षानुवर्षं गचाळ राहिला. भत्ते थकतात, मुलांना खोली सोडायची पाळी येते. २०२४ मध्ये मंत्र्यांनी मंडळच बरखास्त केलं. मर्यादेच्या थोडं वर उत्पन्न असलेल्या शिक्षकांच्या, नर्सेसच्या मुलांना धड मदत नाही, धड ऐपत नाही. त्यांना 'मिसिंग मिडल' म्हणतात. आणि पदवी घेऊन बाहेर पडलं की पुढे तोच रोबोट.

त्या आंदोलनात विट्सच्या विद्यार्थी परिषदेची नवनिर्वाचित अध्यक्ष नोंपेंडुलो म्खात्श्वा डोक्याला काळा-हिरवा-पिवळा रुमाल बांधून देशभर दिसली. सत्ताधारी एएनसीचे, म्हणजे मंडेलांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे, रंग ते. २०१९ मध्ये ती त्याच पक्षाची खासदार झाली. तिच्या बरोबरीच्या कित्येकांना हे रुचलं नाही. मला त्यात वावगं वाटत नाही, पण दार कुणाच्या हातात आहे ते त्यातून कळतं.

तरुणांनी राजकारण करण्याची तिथे परंपराच नाही का?

उलट, एवढी जुनी परंपरा फार थोड्या देशांत असेल. १९४४ मध्ये एएनसीची युथ लीग स्थापन झाली तेव्हा नेल्सन मंडेला २५ वर्षांचे होते, ऑलिव्हर टांबो २६ चे, पहिला अध्यक्ष अँटन लेंबेडे तिशीचा. अर्जविनंत्या करणाऱ्या म्हाताऱ्या नेतृत्वाला या पोरांनी १९४९ मध्ये बहिष्कार आणि संपाचा कार्यक्रम स्वीकारायला लावला. कृष्णवर्णीय विद्यार्थी चळवळीचा नेता स्टीव्ह बिको पोलीस कोठडीतल्या मारहाणीने गेला तेव्हा तीस वर्षांचा होता.

आणि १६ जून १९७६. सोवेटोतली शाळकरी मुलं आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध गणवेशात रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनचं निष्प्राण शरीर उचलून धावणारा मुलगा आणि शेजारी रडत पळणारी बहीण, सॅम न्झिमाने टिपलेला तो फोटो जगभर गेला. आता १६ जूनला 'युवा दिन' म्हणून सार्वजनिक सुट्टी असते. मंत्री भाषणं करतात, पोरं शाळेचे जुने गणवेश घालून पार्ट्या करतात, आणि त्यावरून दरवर्षी न चुकता वाद होतो.

मग आज तरुण नेते वर का येत नाहीत?

माझ्या मते या सगळ्या पानावरचा हाच खरा प्रश्न आहे, आणि उत्तर निवडणूक पद्धतीत आहे.

दक्षिण आफ्रिकेत खासदार आपल्यासारखा मतदारसंघातून निवडून येत नाही. मत पक्षाला द्यायचं. पक्षाला जेवढे टक्के मतं, ४०० पैकी तेवढ्या टक्के जागा. त्या जागांवर कोण बसणार ते पक्षाने आधीच दिलेल्या क्रमवार यादीवरून ठरतं. राष्ट्राध्यक्षही थेट निवडून येत नाही, संसद निवडते. या पद्धतीचा फायदा मोठा आहे: लहान पक्षांनाही आवाज मिळतो, मत वाया जात नाही. पण ठाणे किंवा लातूरमधून एखादा तरुण अपक्ष उभा राहून प्रस्थापिताला पाडतो, तसं तिथे घडायला जागाच नाही. तिथल्या संविधान न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर २०२४ मध्ये पहिल्यांदा अपक्षांना परवानगी मिळाली. एकही निवडून आला नाही.

मग यादीत वरचा नंबर हवा तर काय करायचं? शाखेत सभासद जमवायचे, योग्य गटाच्या मागे उभं राहायचं, अधिवेशनात योग्य माणसाला हात वर करायचा. लोकांत काम करण्यापेक्षा वरिष्ठांच्या मागेपुढे करणं फायद्याचं ठरतं. एएनसीच्या युथ लीगमध्ये वयाची अट ३५. ती लीग श्रेष्ठींनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये बरखास्त केली. २०१९ नंतर तिचा कारभार बघायला नेमलेल्या समितीतच पस्तिशी उलटलेली मंडळी होती. रीतसर निवड व्हायला २०२३ उजाडलं.

अपवाद आहेत. रोनाल्ड लामोला ३५ व्या वर्षी न्यायमंत्री झाले, आता परराष्ट्र खातं त्यांच्याकडे आहे. तेही युथ लीगच्याच शिडीने आले.

ज्युलियस मालेमा हा तरुणांचा नेता नाही का?

होता, निदान बराच काळ तसं वाटलं. १९८१ चा जन्म, लिंपोपोतल्या सेशेगोचा, आई घरकाम करणारी. २००८ मध्ये युथ लीगचा अध्यक्ष, २०१२ मध्ये एएनसीतून हकालपट्टी, २०१३ मध्ये स्वतःचा पक्ष ईएफएफ (इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स). संसदेत त्याचे पुरुष खासदार लाल ओव्हरॉल आणि महिला खासदार मोलकरणीचा लाल पोशाख घालून बसले, तेव्हा अलेक्समधल्या पोरांना पहिल्यांदा आपलं कुणीतरी आत गेल्यासारखं वाटलं. ते ओव्हरॉल खाण कामगारांचे. १६ ऑगस्ट २०१२ ला मारिकाना इथे महिना १२,५०० रँड पगार मागणाऱ्या संपकऱ्यांपैकी ३४ जण पोलिसांच्या गोळ्यांनी मेले होते. ती खाण ज्या कंपनीची, तिच्या संचालक मंडळावर तेव्हा सिरिल रामाफोसा होते, स्वतः खाण कामगार युनियनचे संस्थापक. आज ते राष्ट्राध्यक्ष आहेत.

जमीन ताब्यात घ्या, खाणी आणि बँका सरकारी करा, ही मालेमाची भाषा थेट. पण महागडी घड्याळं आणि पक्षावर एकहाती हुकूमत यांचीही चर्चा तेवढीच. २०१९ मध्ये १०.८ टक्के मतं, २०२४ मध्ये ९.५. मधल्या काळात बेकारी वाढली आणि याची मतं घटली.

रागावलेली मतं गेली कुठे? माजी राष्ट्राध्यक्ष झुमांच्या नव्या एमके पक्षाकडे, १४.६ टक्के. झुमा तेव्हा ८२ वर्षांचे होते. यावर तिथला एक तरुण सहकारी म्हणाला, "आमच्याकडे बदल हवा असला की आम्ही आणखी म्हातारा माणूस शोधतो."

तरुण मतदान का करत नाहीत?

आधी आकडा बघा. १९९४ मध्ये सुमारे १ कोटी ९७ लाख लोकांनी मतदान केलं. २०२४ मध्ये, लोकसंख्या दोन कोटींहून जास्त वाढलेली असताना, १ कोटी ६३ लाखांच्या आसपास. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी एक तृतीयांशांनीही नाव नोंदवलं नव्हतं.

सरकारी उत्तर असतं की नव्या पिढीला संघर्षाची किंमत कळत नाही. फेब्रुवारी २०२४ च्या अभिभाषणात रामाफोसांनी 'टिंट्स्वालो' नावाच्या एका काल्पनिक मुलीची गोष्ट सांगितली: लोकशाहीसोबत जन्मली, सरकारी भत्त्यावर वाढली, सरकारी मदतीने शिकली, नोकरीला लागली. त्या रात्रीच सोशल मीडियावर टिंट्स्वालोचे हाल सुरू झाले. टिंट्स्वालो अंधारात बसलीय, टिंट्स्वालो रोबोटपाशी उभी आहे. इतक्या नेमक्या थट्टेला मी उदासीनता म्हणणार नाही. ही पोरं बातम्या वाचतात, मोर्चे काढतात, टायर जाळतात. मतदानाच्या दिवशी मात्र रांगेत उभी राहत नाहीत, कारण आईवडिलांना दर पाच वर्षांनी उभं राहताना त्यांनी पाहिलंय.

लोडशेडिंग? हा शब्द तिथेही आहे?

हाच. २००७-०८ पासून, आणि २०२३ हे सगळ्यांत वाईट वर्ष. मार्च २०२४ नंतर बरंच सुधारलं. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर त्यांना गैरसोय, ज्यांच्याकडे नाही त्या टाउनशिपमधल्या न्हाव्याचा आणि वेल्डरचा धंदा बुडाला. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना जास्त सांगायला नको.

गोऱ्यांवर अन्याय होतो, असं हल्ली ऐकू येतं. खरं काय?

गोरे लोकसंख्येच्या ७ टक्क्यांच्या आसपास. व्यक्तींच्या नावे असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के त्यांच्याकडे, असं २०१७ च्या सरकारी पाहणीत निघालं. बेकारी गोऱ्यांमध्ये सात-आठ टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये ३७. शेतांवर हल्ले होतात, खून होतात, ते भयंकर आहेत. टाउनशिपमध्ये त्याहून कितीतरी जास्त होतात.

मग राग निघतो कुणावर?

बऱ्याचदा शेजाऱ्यावर. टाउनशिपमधली किराणा दुकानं, तिथे 'स्पाझा', आता मोठ्या प्रमाणात सोमाली, इथिओपियन, बांगलादेशी, पाकिस्तानी लोक चालवतात. २००८ च्या परदेशी-विरोधी दंगलीत साठाहून जास्त माणसं मेली. २०२१ मध्ये सोवेटोत 'ऑपरेशन डुडुला' उभं राहिलं. झुलू भाषेत डुडुला म्हणजे ढकलून देणं. त्यातही तरुणच पुढे. झिंबाब्वेहून आलेल्या वेटरने माझी नोकरी खाल्ली, हे समजायला सोपं आहे. १९१३ चा कायदा त्या मानाने अवघड.

तिथल्या भारतीयांचं या सगळ्यात काय स्थान?

लोकसंख्येच्या २.७ टक्के, बहुतेक डर्बनकडे. बरेचसे तमिळ, तेलुगू, भोजपुरी बोलणाऱ्या ऊसमळ्यांतल्या मजुरांचे वंशज, काही गुजराती व्यापारी घराणी. आपल्यासाठी एक धागा केपटाउनला सापडतो: रत्नागिरी-रायगडकडून गेलेले कोकणी मुसलमान. अहमद कथराडांसारखे लोक मंडेलांबरोबर तुरुंगात होते, ही पुण्याई मोठी. झुमांच्या काळात सहारनपूरहून आलेल्या गुप्ता बंधूंनी सरकारी कंपन्या पोखरल्या आणि त्या पुण्याईवर पाणी फिरवलं. जुलै २०२१ मध्ये झुमांना तुरुंगात टाकल्यावर उसळलेल्या दंगलीत साडेतीनशेहून जास्त लोक मेले. डर्बनजवळच्या फिनिक्समध्ये, भारतीय वंशाच्या वस्तीत, तीसहून अधिक कृष्णवर्णीयांचे जीव गेले. त्या जखमेबद्दल तिथले भारतीय दबक्या आवाजात बोलतात.

केनियात तरुणांनी सरकारला नमवलं. तसं इथे का होत नाही?

केनियात जून २०२४ मध्ये एका करविधेयकाने सगळ्यांच्या खिशात एकाच वेळी हात घातला. तरुण संसदेत घुसले, माणसं मेली, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी विधेयक मागे घेतलं. दक्षिण आफ्रिकेत आंदोलनं कमी नाहीत, पण ती गल्लीतली: या वस्तीत पाणी नाही, त्या वस्तीत संडास नाही. रस्ता अडवतात, टँकर येतो, रस्ता मोकळा होतो. शिवाय भत्त्यांचा आधार तुटपुंजा असला तरी आहे, आणि कोर्टांवर लोकांचा अजून विश्वास आहे.

२०२४ च्या आघाडी सरकारने काही फरक पडला का?

एएनसी ५७ टक्क्यांवरून ४०.२ वर घसरली आणि दहा पक्षांचं सरकार आलं. मुख्य भागीदार डीए (डेमोक्रॅटिक अलायन्स), ज्याच्याकडे अजूनही गोऱ्यांचा पक्ष म्हणून बघितलं जातं. २०२५ मध्ये व्हॅट वाढवायचा प्रस्ताव भागीदारांच्या भांडणात मागे घ्यावा लागला, हा सामान्यांचा फायदाच. तरुणांच्या नोकऱ्यांवर मात्र अजून फरक दिसलेला नाही.

पुढची संधी कधी?

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका नोव्हेंबर २०२६ ते जानेवारी २०२७ च्या दरम्यान व्हायला हव्यात. मागच्या वेळी, २०२१ मध्ये, निम्म्याहून कमी नोंदणीकृत मतदार आले होते. पण या निवडणुकीत निम्म्या जागा वॉर्डाच्या असतात, आपल्या नगरसेवकासारख्या, आणि तिथे पक्षाच्या यादीशिवाय अपक्ष म्हणून उभं राहता येतं. आमच्या ऑफिसातल्या त्या बाईंचा मुलगा आता अलेक्समध्ये नळदुरुस्तीची कामं घेतो. वॉर्डातले कुठले पाइप कधीपासून फुटलेत, हे त्याला नगरसेवकापेक्षा जास्त माहीत आहे. उभा राहणार का, असं मी फोनवर विचारलं. म्हणाला, आधी बघतो, अजून कोण कोण उभं राहतंय.